तिसऱ्या रिचर्डचा खटला आणि वाचकांचा कौल

1990 साली ब्रिटनमधल्या गुन्हेकथा-लेखकांच्या संघटनेने आजवरच्या शंभर उत्तम गुन्हेकथांची यादी केली. तिच्यात पहिला क्रमांक मिळाला जोसेफिन टे यांच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’ या 1951 सालच्या कादंबरीला. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या लेखकांनी अशीच यादी केली, तिथे ती चौथी आली. या कादंबरीत पाठलाग नाही, पिस्तूल नाही, प्रेतही नाही. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर अॅलन ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडला आहे. त्याचा वेळ जावा म्हणून मैत्रीण त्याला जुन्या माणसांच्या तसबिरी आणून देते. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचा ग्रँटला अभिमान आहे. एका तसबिरीतला माणूस त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत शोभेलसा वाटतो. तो निघतो इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, गादीसाठी दोन कोवळ्या पुतण्यांचा जीव घेणारा म्हणून शाळेच्या पुस्तकांत आणि शेक्सपिअरच्या नाटकात बदनाम झालेला. मग खाटेवर पडल्या पडल्या, ब्रिटिश म्युझियममध्ये कागद चाळणाऱ्या एका तरुण अमेरिकन संशोधकाच्या मदतीने, ग्रँट साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या गुन्ह्याचा तपास नव्याने उघडतो. त्याचा निष्कर्ष असा, की रिचर्ड निर्दोष होता आणि मुले मारली ती त्याच्यानंतर गादीवर बसलेल्या सातव्या हेन्रीने.

गेली सत्तर वर्षे वाचक या पुस्तकाविषयी हिरिरीने बोलत आले आहेत. काहींना ते वाचवतच नाही. यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांचा गुंता, एकाच नावाची चार-चार माणसे आणि सगळी हकिकत केवळ संभाषणातून, याला रहस्यकथा म्हणायचे कशासाठी, असा त्यांचा सवाल असतो. दुसरे वाचक, आणि हेच संख्येने जास्त, पुस्तक मिटतात ते रिचर्डचे वकील होऊन. ‘मला पूर्ण पटले’ ही त्यांची नेहमीची दाद. तिसरा गट लहान आहे. इतिहासाचा अभ्यास असलेले हे वाचक कपाळाला आठ्या घालून चुका मोजतात. या पुस्तकाच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी दाद, म्हणजे ‘पटले’ हीच, सर्वांत कमी तपासली गेलेली आहे, असे माझे म्हणणे आहे. थंडावलेल्या जुन्या प्रकरणावरची कादंबरी वाचकाला जी खात्री देते ती पुराव्याच्या वजनापेक्षा नेहमी जास्त असते, आणि त्याचे कारण या साहित्यप्रकाराच्या घडणीतच आहे.

आधी पुस्तकाची ताकद मान्य करायला हवी, कारण ती खरी आहे. रिचर्डला खुनी ठरवणाऱ्या परंपरेचा मोठा आधार म्हणजे सर टॉमस मोर यांनी लिहिलेला इतिहास. मोर यांचा जन्म 1478 चा. रिचर्ड 1483 मध्ये गादीवर आला तेव्हा ते पाच वर्षांचे होते आणि 1485 मध्ये बॉस्वर्थच्या रणात तो पडला तेव्हा सात वर्षांचे. त्यांनी लिहिले ते तीसेक वर्षांनी, हेन्रीच्या ट्यूडर घराण्याच्या अमलात. लहानपणी ते वाढले जॉन मॉर्टनच्या घरी, आणि मॉर्टन हा रिचर्डचा कट्टर वैरी. ग्रँट पोलिसाच्या भाषेत विचारतो, की ऐकीव साक्षीला साक्ष कधीपासून म्हणायला लागलो? हा प्रश्न बिनतोड आहे. दुसरा मुद्दा 1484 च्या कायद्याचा. या पुतण्यांचा बाप चौथा एडवर्ड याचे लग्न बेकायदा होते, म्हणून त्याची मुले वारस ठरत नाहीत, असे संसदेने त्यात जाहीर केले. हेन्रीने गादीवर येताच हा कायदा वाचूनही न दाखवता रद्द करवला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. एक प्रत वाचली म्हणून आपल्याला तो मजकूर ठाऊक आहे. शिवाय मुलांची आई एलिझाबेथ वुडव्हिल 1484 मध्ये चर्चच्या आश्रयातून बाहेर आली आणि तिने आपल्या मुली रिचर्डच्या हवाली केल्या. ज्याने पोटची पोरे मारली त्याच्या हाती कोणती आई उरलेली मुले देईल? कोणताही तपास अधिकारी असेच प्रश्न विचारील, आणि सामान्य वाचकाला हे प्रश्न विचारायला शिकवणे ही टे यांची मोठी कमाई आहे.

आता दुसरी बाजू. डॉमिनिक मान्चिनी नावाचा एक इटालियन गृहस्थ 1483 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये होता. जुलैत तो परतला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने पाहिलेले-ऐकलेले लिहून काढले. मुलांना लंडनच्या टॉवरमध्ये आतल्या दालनांत हलवले, ती दिसेनाशी होत गेली, त्यांतल्या थोरल्याचे, म्हणजे बालराजाचे, नाव निघताच लोकांच्या डोळ्यांत पाणी येई आणि त्याचा घात झाल्याचा संशय तेव्हाच पसरला होता, असे तो नोंदवतो. तो खरेच मारला गेला का आणि कसा, हे आपल्याला कळले नाही, असेही तो प्रामाणिकपणे सांगतो. हा माणूस ट्यूडरांचा आश्रित नव्हता. त्याने लिहिले तेव्हा हेन्री अजून परागंदाच होता. हे हस्तलिखित फ्रान्समधल्या लील शहरात सापडले आणि 1936 मध्ये छापले गेले, म्हणजे टे यांच्या कादंबरीच्या पंधरा वर्षे आधी. ग्रँटच्या तपासात मात्र त्याला जागा नाही. मुलांच्या मृत्यूची अफवा म्हणजे मॉर्टनने पसरवलेले विष, असे ग्रँट मांडतो. मान्चिनी लंडन सोडून गेला तेव्हा मॉर्टन रिचर्डच्याच कैदेत होता. ही एक साक्ष पटावर ठेवली की सगळी मांडणी डळमळते.

असेच हेन्रीने संसदेत रिचर्डवर ठेवलेल्या आरोपपत्राचे. त्यात पुतण्यांच्या खुनाचा उल्लेखच नाही, आणि खून झालाच असता तर हेन्रीने तो डांगोरा पिटून सांगितला असता, हा ग्रँटच्या युक्तिवादाचा कणा आहे. मुलांची नावे त्या आरोपपत्रात नाहीत हे खरे. पण लहानग्यांचे रक्त सांडल्याचा आरोप त्यात आहे. तो मोघम आहे, त्याचा अर्थ कसा लावावा यावर वाद घालता येईल. तो वाद वाचकासमोर घातला जात नाही. आणि ज्या तसबिरीपासून हे सगळे सुरू झाले, ती लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतली तसबीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. रिचर्डच्या मृत्यूनंतर सुमारे शतकाने, त्याला कधीही न पाहिलेल्या चित्रकाराने रंगवलेल्या चेहऱ्यावरून ग्रँट त्याच्या मनाचा ठाव घेतो. मोर यांची साक्ष ऐकीव म्हणून फेकून देणाऱ्याने ही साक्ष कशी स्वीकारली?

सर्वांत बोलका दाखला टोनिपँडीचा आहे. वेल्समधल्या या खाणवस्तीचे नाव कादंबरीत एक संज्ञा म्हणून वापरले आहे. सर्वांना ठाऊक असलेली आणि तरीही धादांत खोटी कथा, असा तिचा अर्थ. 1910 मध्ये तिथल्या संपकरी खाणकामगारांवर सरकारने सैन्य घातले ही लोकांची आठवण खोटी असून प्रत्यक्षात फारसे काहीच घडले नाही, असे ग्रँट सांगतो. पण सैनिक तिथे खरोखरच पाठवले गेले होते. त्यांनी तिथे गोळ्या झाडल्या नाहीत, हे ग्रँटच्या बाजूचे सत्य. पोलिसांशी झालेल्या चकमकींत शेकडो माणसे जखमी झाली आणि एक खाणकामगार डोक्याला मार बसून मेला, हे दुसऱ्या बाजूचे. खोट्या इतिहासाचा नमुना म्हणून दिलेले उदाहरणच अर्धवट आहे. इथे कामगारांच्या आठवणीला लबाडी म्हणणे मला अन्यायाचेही वाटते.

मग इतक्या चतुर वाचकांना, त्यांत स्वतः रहस्यकथा लिहिणारेही आले, हे दिसत कसे नाही? रहस्यकथेचा वाचक एका कराराने बांधलेला असतो. रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यांपैकी एक असा, की गुप्तहेराच्या हाती लागलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. ख्रिस्ती, सेयर्स यांच्या पिढीने हा प्रामाणिकपणा कलेचे ब्रीद मानला. कल्पित खुनाच्या बाबतीत हा करार पुरेसा असतो, कारण त्या खुनाला पुस्तकाबाहेर जगच नसते. लेखिकेने दिलेले धागे म्हणजे सगळे धागे. खऱ्या जुन्या प्रकरणात मात्र पुस्तकाबाहेर एक अफाट दप्तर उरलेले असते. वाचक तोच जुना विश्वास घेऊन येतो, समोर आहे तेच सगळे आहे असे धरून चालतो, आणि धागे जुळले की प्रकरण सुटले असे त्याला वाटते. धागे जुळतात ते आधी निवडलेले असतात म्हणून. ताज्या गुन्ह्याचा खटला उभा राहतो तेव्हा विरुद्ध बाजूचा वकील उलटतपासणी घेतो. थंडावलेल्या प्रकरणात साक्षीदार मेलेले असतात, आरोपी मेलेला असतो, आणि कादंबरीत तपास अधिकारी, वकील व दप्तरदार या तिन्ही भूमिका एकाच लेखणीकडे असतात. ग्रँटचा तरुण सहकारी मध्येच एखादी अडचण आणतो, ती काही पानांत दूर होते, आणि विरुद्ध बाजूही ऐकून घेतली असे वाचकाला वाटते.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की कादंबरी ही कादंबरी आहे, तिला इतिहासाच्या तागडीत कशाला घालता? पण ही तागडी टे यांनीच मागवली आहे. खरी नावे, खरे कायदे, खऱ्या ग्रंथांची झडती घेऊन, इतिहासकारांना माणसाचे मन कळत नाही असा जाहीर आरोप करणारे हे पुस्तक आहे. वाचकांनीही ते तसेच घेतले. रिचर्डच्या पुनर्विचारासाठी 1924 मध्ये स्थापन झालेली आणि मधल्या काळात मंदावलेली मंडळी 1950 च्या दशकात पुन्हा उभी राहिली, त्यात या कादंबरीचा वाटा मानला जातो. ज्या पुस्तकाने लोकांची मते बदलली त्याला पुराव्याचा जाब विचारणे हा त्याचा मानच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. साडेचारशे वर्षे मुख्यतः एकच बाजू ऐकवली गेली, शेक्सपिअरसारखा प्रतिभावंत तिच्यामागे उभा होता. मग दुसऱ्या बाजूने कुणी जोर लावला तर बिघडले काय? मराठी वाचकाला या युक्तिवादाची ओढ चटकन कळेल. संभाजी महाराजांची जी प्रतिमा दीर्घकाळ रूढ होती, तिला मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा आधार होता. ती बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली, आणि लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी हे महाराजांच्या हुकमाने मारले गेलेले. मोर आणि मॉर्टन यांची आठवण यावी असेच हे आहे. पण इथे प्रतिमा पालटली ती वा. सी. बेंद्रे यांनी दशकानुदशके कागद जमवून 1960 मध्ये चरित्र सिद्ध केले, कमल गोखले यांनी त्यात भर घातली, तेव्हा. बखरकाराचा आकस दाखवणे ही पहिली पायरी होती. त्याच्या जागी समकालीन कागद ठेवणे हे खरे काम होते. आकस सिद्ध झाला म्हणजे मजकूर खोटा ठरत नाही, फक्त त्याची तपासणी कडक करावी लागते. टे यांची कादंबरी पहिली पायरी दिमाखात चढते, आणि तिथेच आपण वर पोहोचलो असे वाचकाला वाटू देते.

या पुस्तकामुळे पेटलेल्या उत्साहाला मी मुळीच कमी लेखत नाही. 2012 मध्ये लेस्टर शहरातल्या मोटारतळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला तो रिचर्डप्रेमींच्या चिकाटीमुळे. फिलिपा लँग्ली यांनी पाठपुरावा केला नसता तर विद्यापीठाने तिथे खोदले नसते. फेब्रुवारी 2013 मध्ये ओळख पटली आणि 2015 च्या मार्चमध्ये त्याला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये सन्मानाने पुरले. त्या हाडांनी दिलेली साक्ष मात्र दोन्ही पक्षांना अडचणीची होती. मणका स्पष्टपणे वाकलेला होता, एक खांदा वर असणार. म्हणजे बाक ही निव्वळ ट्यूडरांची बनावट नव्हती. आणि नाटकातला कुबडा, वाळलेल्या हाताचा राक्षसही तो नव्हता. मुलांचे काय झाले याविषयी हाडे काहीच सांगत नाहीत. त्या प्रश्नावर अजूनही कागद निघताहेत. मोर यांनी मारेकरी म्हणून नाव घेतलेल्या माइल्स फॉरेस्टच्या मुलांशी मोर यांचा परिचय असावा, असे टिम थॉर्नटन या इतिहासकाराने 2020 मध्ये मांडले, म्हणजे मोर यांची साक्ष ग्रँटला वाटली तितकी पोकळ नसावी. उलट मुले जिवंत निसटली असे लँग्ली 2023 पासून युरोपातल्या दप्तरांच्या आधारे सांगत आहेत. माझ्या मते उपलब्ध पुरावा रिचर्डकडे बोट दाखवतो, पण फाशी द्यावी इतका तो पुरा नाही. आणि हेन्रीविरुद्धचा तर त्याहून पुष्कळ तोकडा आहे.

ज्यांना ही कादंबरी कंटाळवाणी वाटते त्यांच्याशी माझे मुळीच जमत नाही. कागदाशेजारी कागद ठेवून माणूस विचार कसा करतो, हे इतक्या चित्तवेधक रीतीने फार थोड्या पुस्तकांनी दाखवले आहे. कॉलिन डेक्स्टर यांनी 1989 मध्ये आपल्या इन्स्पेक्टर मोर्सला असेच इस्पितळात झोपवून एकोणिसाव्या शतकातला खून उलगडायला लावला, आणि त्या कादंबरीला गोल्ड डॅगर हे पारितोषिक मिळाले. पहिल्या यादीत टे यांच्या कादंबरीला मिळालेला पहिला क्रमांक मला आजही योग्य वाटतो. ज्यांनी ‘द डॉटर ऑफ टाइम’ वाचली नसेल त्यांनी ती जरूर वाचावी. ग्रँटने मोर यांना विचारलेले प्रश्न टाचून ठेवावेत: कोण सांगतो, केव्हा सांगतो, त्याने स्वतः पाहिले का, त्यात त्याचा लाभ काय. मग मान्चिनीचा छोटासा वृत्तान्त मिळवून वाचावा, तेच प्रश्न ग्रँटला विचारावेत, आणि त्यानंतरच रिचर्डविषयी मत द्यावे.