हरवलेलं कुत्रं आणि युधिष्ठिराचा हट्ट

आजचं वाचन महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व, अध्याय ३.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी तालुक्यातलं यमगर्णी गाव २०२४ च्या जुलैमध्ये बातम्यांत होतं. तिथला ‘महाराज’ नावाचा काळा कुत्रा एका वारकऱ्यामागे पंढरपूरला पायी गेला आणि गर्दीत हरवला. शोधाशोध झाली. तो दुसऱ्या लोकांबरोबर गेला असं कोणीतरी सांगितलं. वारकरी गावी परतले, आणि पाठोपाठ महाराजही दारात हजर! सुमारे २५० किलोमीटर, एकटा. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ घातली.

सगळे म्हणाले, विठ्ठलाने आणून सोडला. छान वाटतं ऐकायला. पण मग आपल्या फुलपाड्यात, जीवदानीच्या पायथ्याशी किंवा पापडखिंडीकडे, ज्यांचं मांजर आठवडाभर सापडत नाही, त्यांच्यावर विठ्ठल रुसलाय का? परत येणं हा कृपेचा पुरावा मानला, तर न येणं ही शिक्षा ठरते. हे मला पटत नाही.

दुसरं वाक्य याहून जास्त ऐकू येतं: ‘अरे, मुकं जनावर ते, एवढा मोह बरा नव्हे.’ आणि बोलणारा बहुतेक वेळा भक्तच असतो! त्यासाठीच आजचा अध्याय.

इंद्र रथ घेऊन आलाय. अट एकच, सोबतचं कुत्रं इथेच सोड. युधिष्ठिर नाही म्हणतो. तेव्हा इंद्र अगदी वर्मावर बोट ठेवतो: भाऊ सोडलेस, द्रौपदी सोडलीस, मग कुत्र्यासाठीच का अडतोस? आपल्या ‘मोह सोड’वाल्यांचाच प्रश्न. युधिष्ठिराचं उत्तर भावनेचं नाही, हिशेबाचं आहे. ते मेले होते, त्यांना मी उठवू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हे कुत्रं जिवंत आहे आणि माझ्या आधाराने आलंय.

म्हणजे ‘माझं’ म्हणून धरून ठेवणं वेगळं आणि आपल्या भरवशावर असलेल्याला न टाकणं वेगळं. मोह पहिल्यात आहे. पोस्टर लावणं, रात्री वर्दळ थांबल्यावर नाव घेत जिने, पार्किंग, गाड्यांखाली बघणं (घरातलं मांजर सहसा लांब जात नाही, जवळच दबून बसतं), भटक्यांना खायला घालणाऱ्या मावशींना विचारणं, हे दुसऱ्यातलं. नामस्मरण करत करा हवं तर, पण त्याऐवजी नको.

किती दिवस? युधिष्ठिराच्या उत्तरातच मर्यादा आहे: हातात काही उरेपर्यंत. यमगर्णीचे वारकरी शोधून परतले, त्याला मी टाकून देणं म्हणणार नाही.

आणि हो, तुमच्या जिन्यात गळ्यात पट्टा असलेलं अनोळखी पिल्लू आलं असेल तर ‘देवाने पाठवलं’ म्हणून ठेवून घेऊ नका. कोणीतरी खाली हाका मारत फिरत असेल. आधी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका.

उद्या स्वर्गारोहण पर्व. स्वर्गात युधिष्ठिराला आधी दिसतो तो दुर्योधन!