खाट उचलणारे चौघे



कफर्णहूमची ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रभू येशू एका घरात बोलत आहे. घर माणसांनी इतके भरले आहे की दारातसुद्धा उभे राहायला जागा नाही. चौघेजण एका पक्षघाती माणसाला खाटेवर घालून आणतात. दारातून वाट मिळत नाही, म्हणून ते वर चढतात, छप्पर उघडतात आणि खाट प्रभूच्या पुढ्यात सोडतात (मार्क २:१-१२).

या प्रसंगातील दोन गोष्टी आपल्या नजरेतून सुटतात. पहिली ही की आजारी माणूस एक शब्दही बोलत नाही. प्रभूने जो विश्वास पाहिला तो एकट्या आजाऱ्याचा नव्हता, त्याला वाहून आणणाऱ्यांचाही होता. दुसरी गोष्ट जरा बोचणारी आहे. दार अडवून उभे होते ते सगळे काही प्रभूचे शत्रू नव्हते. त्याचे वचन ऐकायला आलेली माणसे होती. म्हणजे आपल्यासारखीच.

आज आपण व्यसनाविषयी बोलू. भायखळ्याला हा विषय नवा नाही. १९४९ च्या कायद्याने मुंबई प्रांतात दारूबंदी आली आणि घराघरांतून चोरटी दारू विकली जाऊ लागली. त्या ठिकाणांना 'आंटीचा अड्डा' हे नाव पडले, आणि त्या आंट्यांमध्ये आपल्या ख्रिस्ती समाजातील स्त्रियाही होत्या, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करू. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. भायखळा, लालबाग, परळच्या चाळींतून दिवसभर रिकामे बसलेले बाप त्या पिढीने पाहिले. त्याच दशकात गर्द आली. आज काही तरुणांच्या खिशात 'एमडी'ची पुडी असते. हे रसायन २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, पण कायद्याला न विचारता ते गल्लीबोळांत पोचले आहे.

मग घरची माणसे धर्मगुरूंकडे येतात. आणि आम्ही काय करतो?

काही वर्षांपूर्वी एक भगिनी मिस्सानंतर आपल्या नवऱ्याला घेऊन आमच्याकडे आली. "फादर, याला शपथ घाला," म्हणाली. आम्ही त्याला वेदीपुढे नेले, क्रूसावर हात ठेवायला लावला आणि पुन्हा दारूला शिवणार नाही अशी शपथ घेववली. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खरे होते. आठ दिवसांत शपथ मोडली. त्यानंतर तो प्यायलाही लागला आणि चर्चला यायचाही थांबला. क्रूसाला हात लावून खोटे ठरलेला माणूस कोणत्या तोंडाने येणार? आधी त्याच्या पाठीवर एक ओझे होते, आम्ही दुसरे चढवले. खाट उचलायची सोडून आम्ही पक्षघाती माणसाला सांगत होतो, "ऊठ, मनावर घे."

'मनावर घेतले तर सुटते' असे आपण सारेच म्हणतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक प्रश्न आम्ही पाठ केला होता. अमुक गोष्ट वाईट आहे हे ठाऊक असूनही माणूस ती का करतो? परीक्षेत त्याचे उत्तर लिहून आम्हाला चांगले गुण मिळाले. पण संत पौलाने रोमकरांस पत्रात हीच ओढाताण स्वतःच्या जिवाची म्हणून सांगितली आहे. जे करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि ज्याचा तिरस्कार वाटतो तेच घडते, असे प्रेषित सांगत असेल, तर सातव्या गल्लीतल्या आपल्या भावाला आपण कोणत्या तोंडाने कमकुवत म्हणावे?

'हे पाप आहे की आजार?' असे पुष्कळजण विचारतात. कफर्णहूममध्ये प्रभूने आधी पापांची क्षमा केली आणि मग त्याला उठून चालायला सांगितले. त्या माणसाला दोन्ही हवे होते आणि प्रभूने दोन्ही दिले. आपणही पापनिवेदनाची जाळी आणि डॉक्टरांचा दवाखाना यांत भांडण लावू नये.

अमेरिकेतील अॅक्रन शहरातली १९३५ सालची गोष्ट ऐका. बिल विल्सन नावाचा शेअर दलाल धंद्याच्या कामाला तिथे आला होता. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते. काम फसले. हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता. एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातील चर्चेसची यादी. त्याने फोन उचलला आणि एका पाळकाला विचारले, मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का? त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची भेट झाली. डॉक्टरही दारूत बुडालेले होते. त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी राहिली. एका बुडणाऱ्याला वाचवताना दुसराही तरला. पुढे १९३९ साली त्याच शहरात सिस्टर इग्नेशिया यांनी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मद्यपींना दाखल करून घेतले. तेव्हा असे रुग्ण कुणाला नको असत. कागदावर पोटाचा विकार लिहून सिस्टरांनी खाट मिळवून दिली. छप्पर उघडण्याची ही एक तऱ्हाच!

आपल्याकडेही छप्पर उघडणारे झाले. मुंबई महाधर्मप्रांताचे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. या मंडळींच्या बारा पायऱ्यांना त्यांनी गुरुजी अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला हातभार लावला. यांपैकी कुणीही एकट्याच्या इच्छाशक्तीवर विसंबले नाही.

खाटेला चार कोपरे असतात. एक कोपरा डॉक्टरांचा. रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर हातपाय कापणे, भ्रम होणे, आकडी येणे असे जीवघेणे प्रकार होऊ शकतात. म्हणून घरी कोंडून ठेवू नका, डॉक्टरांकडे न्या. आपल्या जवळच जे. जे. आणि नायर ही मोठी रुग्णालये आहेत, तिथल्या मनोविकार विभागात लाज न बाळगता जा. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवरही विचारता येते. आणि लोकलच्या डब्यात 'न सांगता दारू सोडवा' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्या नादी लागू नका. आमटीत गुपचूप औषध घालणे धोक्याचे आहे. काही गोळ्यांवर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

दुसरा कोपरा त्याच वाटेने गेलेल्या साथीदारांचा. ते जन्मभराची शपथ मागत नाहीत, फक्त आजचा दिवस मागतात. डब्लिनचा मजूर पूज्य मॅट टालबट यानेही १८८४ साली पहिली शपथ घेतली ती तीन महिन्यांचीच, आणि काम सुटल्यावर गुत्त्याच्या वेळेत तो चर्चमध्ये जाऊन बसू लागला. १९२५ साली मरेपर्यंत तो पुन्हा प्यायला नाही.

तिसरा कोपरा घरच्यांचा. नवऱ्याची उधारी फेडणे, मुलाच्या कामावर 'ताप आलाय' म्हणून फोन करणे, हे प्रेमाने घडते, पण त्याने खाट जागची हलत नाही. घरच्यांचा आधार हवा, पांघरूण नको. त्यांनाही बोलायला जागा लागते, कारण घरात एक पितो आणि सगळे आजारी पडतात.

चौथा कोपरा आपला, या धर्मग्रामाचा. आणि खरे सांगायचे तर तोच अजून जमिनीवर टेकलेला आहे. लग्नात, बाप्तिस्म्याला, महिन्याच्या मिस्सानंतरसुद्धा आपल्याकडे बाटली लागते. कुणी नको म्हटले तर आपण त्याला आग्रह करतो, वर आम्हालाच ऐकवतो, "फादर, काना गावी प्रभूनेच द्राक्षारस केला ना?" केला. पण नको म्हणणाऱ्याच्या हातात प्याला कोंबला असे योहानाने लिहिलेले नाही.

येत्या गुरुवारपासून संध्याकाळी साडेसात वाजता शाळेचा तळमजल्यावरील एक वर्ग व्यसनमुक्त होऊ पाहणाऱ्यांच्या सभेसाठी उघडा राहील. ही मंडळी कुणाला धर्म विचारत नाहीत, नाव विचारत नाहीत, आणि आपला खर्च आपणच वर्गणी काढून भागवतात. "शाळेच्या आवारात बेवड्यांची गर्दी नको," असे आपल्यातील काही कुटुंबांनी आम्हाला सांगितले. त्यांची काळजी आम्ही समजतो. मुले घरी गेल्यावरच सभा सुरू होईल. पण बंधू-भगिनींनो, ते 'बेवडे' आताही आपल्यातच आहेत. काही आज मागच्या बाकावर आहेत, काही फाटकाबाहेर आहेत. त्यांच्या मुलांना आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो.

आपणाकडून एकच मागणे आहे. गुरुवारी साडेसातला फाटकापाशी उभे राहून कोण आत गेले हे पाहू नका. दिसलेच, तर घरी जाऊन सांगू नका. दार अडवायला दगड लागत नाही, आपली नजर पुरते.

ज्या भावाला आम्ही शपथ घातली होती, त्याच्या घरी या आठवड्यात आम्ही स्वतः जाणार आहोत. या खेपेस हातात क्रूस घेऊन शपथ मागायला नाही, माफी मागायला. तो आला तर गुरुवारी त्याच्या बाजूला बसू. त्याच्यासाठी आणि आमच्यासाठीही प्रार्थना करा.

तो पक्षघाती माणूस शेवटी स्वतःची खाट स्वतः उचलून घरी गेला. पुढे त्याचे काय झाले हे मार्क सांगत नाही. पण आम्हाला वाटते, कफर्णहूममध्ये पुढच्या वेळी कुणाची खाट उचलायची वेळ आली, तेव्हा सर्वांत आधी तोच धावला असेल.

हे प्रभू येशू, जे स्वतः चालत तुझ्याकडे येऊ शकत नाहीत त्यांना वाहून आणण्याचे बळ आमच्या खांद्यांना दे, आणि आम्ही दारात उभे असलो तर आम्हाला बाजूला कर. आमेन.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू