वेदनेचा परवाना

दुर्धर व्याधीने ग्रासलेल्या रोग्याच्या नातेवाइकांना बाजूला बोलावून डॉक्टरांनी ‘आता घरी न्या, आमच्या हाती काही उरले नाही’ असे सांगावे, ही आपल्याकडील जुनी रीत. आणि ते सांगणे बहुधा प्रामाणिकच असते. परंतु त्यामागे एक समजूत दडलेली आहे, ती अशी की, रोग हटविणे एवढेच वैद्यकाचे कर्तव्य असून, तो हटत नाही असे ठरले की रोग्याची वेदना प्रारब्धाच्या खात्यावर मांडावयाची.

या समजुतीला मुळापासून हादरा दिला तो इंग्लंडमध्ये सिसिली साँडर्स यांनी. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि अखेरीस १९५७ साली डॉक्टर झालेल्या या बाईंनी, सेंट ल्यूक्स या मरणासन्न रोग्यांच्या शुश्रूषागृहात पाहिलेल्या एका साध्या परिपाठाला शास्त्राचे अधिष्ठान दिले. वेदना असह्य होऊन रोग्याने विनवणी करावी आणि मग सुई टोचली जावी, हा सार्वत्रिक प्रघात होता. त्याऐवजी मागील मात्रेचा अंमल ओसरण्यापूर्वीच, दर चार तासांनी, घड्याळाकडे पाहून, शक्यतो तोंडावाटे मॉर्फीन हे अफूपासून बनणारे वेदनाशामक द्यावयाचे. एवढ्याने रोगी शुद्धीवर राहून मुलाबाळांशी बोलू लागला, दोन घास खाऊ लागला. पुढे १९६७ साली अशाच रोग्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था उभारताना, देहाच्या वेदनेत मरणाचे भय, संसाराची विवंचना आणि श्रद्धेची तगमगही मिसळलेली असते, हा विचार त्यांनी दृढ केला.

हा विचार आपल्याकडेही आला. मुंबईत वांद्र्याला डॉ. डिसोझा यांचे ‘शांती अवेदना’ हे असेच शुश्रूषागृह १९८६ साली सुरू झाले, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने करावयाच्या उपचारांची पद्धत घालून दिली. पण आदल्याच वर्षी आपल्याकडे अंमली पदार्थांचा कडक कायदा झाला होता. व्यसनांस आळा घालण्याचा त्याचा हेतू रास्त होता. तथापि बाळगण्याचा परवाना निराळा, वाहतुकीचा निराळा, प्रत्येकाचे दप्तर वेगळे, मुदत वेगळी, आणि चूक झाल्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, अशा धास्तीने औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने पिकणारी अफू परदेशी औषधांसाठी निर्यात होत राहिली आणि येथला रोगी तळमळत राहिला, याची मला आजही चीड येते.

ही कोंडी प्रथम फुटली ती केरळात. कोझिकोडला डॉ. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली वेदनाशमनाचे काम आरंभिले, आणि शेजारपाजारच्या सामान्य माणसांनी घरोघर जाऊन जखमा धुणे, कूस पालटून देणे, घरच्यांना उसंत देणे, ही सेवा आपलीशी केली. परवान्यांचे जंजाळ मात्र अंमली पदार्थांच्या कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने सुटले. मॉर्फीनसारख्या अत्यावश्यक अंमली औषधांना संपूर्ण देशात एकच नियम लागू झाला.

तथापि मधल्या काळात डॉक्टरांची एक पिढी मॉर्फीन न हाताळताच तयार झाली, आणि ‘मॉर्फीन सुरू केले म्हणजे आता संपलेच’, ‘सवय लागेल’ ही भीती घरोघरी मुरली. वेदनेसाठी योग्य मात्रेत, जाणकाराच्या देखरेखीखाली दिलेल्या औषधाने व्यसन क्वचितच लागते. त्याने हटकून होतो तो बद्धकोष्ठ, आणि त्यासाठी पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत द्यावे लागते. कायदा आता आडवा येत नाही. तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मॉर्फीनची गोळी मिळते काय, आणि ती देणारा प्रशिक्षित डॉक्टर तेथे आहे काय, याची चौकशी वाचकांनी आजच करावी.