काळजी की पाळत?

आपल्या फ्रीमाँटमध्ये लेक एलिझाबेथच्या काठाने संध्याकाळी फेरी मारली, की भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले किंवा इथेच कायमचे राहिलेले आई-बाबा हमखास भेटतात. गप्पांचे विषय ठरलेले: नातवंडं, मालिका, गुडघे आणि गोळ्या. अलीकडे त्यात आणखी एका विषयाची भर पडली आहे. "मुलाने फोनवर ॲप टाकून दिलंय. गोळी राहिली की त्याला ऑफिसात कळतं!" हे सांगताना कुणाच्या स्वरात कौतुक असतं, तर कुणाच्या स्वरात कुरकुर. हा लेख त्या कुरकुरीविषयी आहे.

ॲपची गरज खरी आहे, यात वाद नाही. आपल्या घरांत तर औषधं दोन देशांची असतात. बॅगेतून आलेली क्रोसिन आणि इथल्या दुकानातली टायलेनॉल हे एकच औषध. तिकडे त्याला पॅरासिटामॉल म्हणतात, इकडे ॲसिटामिनोफेन. सर्दीवरच्या नायक्विलमध्येही तेच असतं. निरोगी प्रौढ माणसालाही दिवसाला ४००० मिलिग्रॅमच्या पुढे ते यकृताला घातक ठरू शकतं. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, पण 'ग्लायकोमेट जीपी'मध्ये ग्लिमेपिराइडही असतं आणि त्याने साखर एकदम उतरू शकते. शेवटची दोन अक्षरं लिहायची राहिली, तर यादीतून एक अख्खं औषध गळतं.

आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये २०२२ पासून औषधांची नोंद, आठवण आणि दोन औषधं एकमेकांना बाधतात का याची सूचना मिळते. पण ॲपला सांगाल तेवढंच त्याला कळतं. सकाळी कोणतं चूर्ण घेतलं, रक्तदाबाची गोळी आठवडाभर अर्धीच कशी घेतली, हे फक्त बाबांना ठाऊक असतं. आपल्यावर पाळत आहे असं वाटलं, की माणूस नेमक्या याच गोष्टी लपवू लागतो. मग पडद्यावर सगळ्या हिरव्या खुणा दिसतात आणि डब्यात गोळ्या तशाच राहतात.

ही पाळत किती आत जाऊ शकते, याचं उदाहरण डम्बार्टन पुलापलीकडे, रेडवुड सिटीत घडलं. तिथल्या प्रोटियस कंपनीने वाळूच्या कणाएवढा सेन्सर बनवला. तो गोळीत बसवायचा. पोटात गेला की तो संकेत देतो, अंगावरची पट्टी तो टिपते आणि फोनला कळवते. मानसिक आजारावरच्या अशा पहिल्या गोळीला एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली. रुग्णाची संमती असेल तर डॉक्टर आणि घरचेही ती माहिती पाहू शकत. पण यामुळे रुग्ण औषधं अधिक नियमित घेतात असं सिद्ध झालेलं नाही, हेही एफडीएने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तिने उभा केलेला प्रश्न मात्र आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसला आहे: गोळी पोटात गेली की नाही, हे कळण्याचा हक्क कुणाचा?

माझं उत्तर सरळ आहे. ज्याचं पोट, त्याचा पहिला हक्क. गोळी राहिली हे यंत्र सांगतं, का राहिली ते सांगत नाही. देवळात किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला जायचं, तिथे सारखं उठावं लागेल, म्हणून आई लघवीची गोळी टाळते. इथल्या किमतीला रुपयांनी गुणून बाबा भारतातून आणलेला साठा पुरवून पुरवून वापरतात. "आई, गोळी का नाही घेतलीस?" हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. दरडावून विचारला तर "विसरले" एवढंच उत्तर येतं. शांतपणे विचारला तर खरं कारण कळतं आणि डॉक्टरांशी बोलून वेळ किंवा औषध बदलता येतं.

कुणी म्हणेल, स्मरणशक्तीच दगा देऊ लागली तर? इन्सुलिन दोनदा घेतलं गेलं तर? तेव्हा मुलांना सूत्रं हातात घ्यावीच लागतील. तिथे मानापमान पाहत बसणं हा हलगर्जीपणा ठरेल. पण हा निर्णय आई-बाबांचं डोकं शाबूत असतानाच त्यांच्यासोबत बसून घेता येतो. माहिती कोण पाहील? कधीपासून? फोन आधी त्यांचा वाजेल आणि त्यांनी उत्तर दिलं नाही तरच आपला, एवढं ठरवलं तरी खूप झालं. दोन्ही देशांच्या औषधांची यादीही त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी, मूळ नावांसकट.

आज आपण आई-बाबांच्या गोळ्या मोजतो आहोत. उद्या आपल्या गोळ्या आपली मुलं मोजतील. आजी-आजोबांना आपण विचारतो की हुकूम सोडतो, हे ती आत्ता जेवणाच्या टेबलावर बसून ऐकत आहेत.