एका अक्षराची दुरुस्ती

एक वयस्क मेंटेनर एक मुक्त लायब्ररी सांभाळत होता. लायब्ररी सी भाषेतली होती, वेबवरून येणाऱ्या विनंत्या वाचणारी. ती वापरणारे पुष्कळ होते, तिच्यासाठी राबणारे थोडे.

एके दिवशी नुकतंच शिक्षण संपवलेली एक मुलगी त्याच्याकडे आली. म्हणाली, "सर, मला काहीतरी काम द्या."

"कमेंटमधल्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त कर," तो म्हणाला.

मुलीचा चेहरा उतरला. कंपायलर कमेंट वगळूनच पुढे जातो. तिथे चूक असली काय, नसली काय, प्रोग्राम तसाच चालतो. तरी तिने काम घेतलं.

तिने कोडस्पेल चालवलं. नेहमी चुकणाऱ्या शब्दांच्या यादीशी ताडून ते चुका दाखवतं. जाता जाता स्वतःच्या नजरेला पडलेली एक चूकही तिने सुधारली. संध्याकाळी पॅच तयार झाला.

मेंटेनरने तो ओळ न ओळ वाचला आणि एका ठिकाणी थांबला. 'रेफरर' शब्दातला गळालेला आर तिने भरला होता. पण तो शब्द कमेंटमध्ये नव्हता, हेडरच्या नावात होता.

"हे स्पेलिंग चुकीचंच आहे," तो म्हणाला, "पण १९९६ साली एचटीटीपीचा दस्तऐवज निघाला, त्यातच ते असं आहे. ब्राउझर आणि सर्व्हर आजही तसंच लिहितात. इथे ते शुद्ध केलं, तर आपली लायब्ररी ते हेडर ओळखणारच नाही."

"मग काय सुधारायचं आणि काय नाही, हे कळायचं कसं?"

"वाचून."

मुलगी परत कामाला लागली. आता ती प्रत्येक कमेंट आणि तिच्याखालचा कोड सोबत वाचू लागली. काम हळू होऊ लागलं, पण लायब्ररी तिला कळू लागली.

एका फंक्शनपाशी ती अडली. वरच्या इंग्रजी कमेंटचा अर्थ होता: हे आता अनेक थ्रेडमधून एकाच वेळी बोलावणं सुरक्षित आहे. खाली मात्र उत्तर एकाच स्टॅटिक बफरमध्ये ठेवलं जात होतं आणि लॉक कुठेच नव्हतं. दोन थ्रेड एकदम आले, तर एकाचं उत्तर दुसरा पुसून टाकणार होता.

'नॉट'च्या जागी 'नाऊ' पडलं असावं, असं तिला वाटलं. फरक शेवटच्या एका अक्षराचा. दोन्ही शब्द शुद्ध, म्हणून कोडस्पेलने ते दाखवलं नव्हतं.

तिने लगेच हात लावला नाही. विचारलं, "सर, इथे कमेंट चुकली की कोड?"

मेंटेनरने गिटमधला इतिहास उघडला. फंक्शन त्याचंच होतं, आणि लॉक त्यात कधीच नव्हतं.

"कमेंट चुकली, आणि ती माझ्या हातून," तो म्हणाला. "नव्या आवृत्तीच्या माहितीत हे सगळ्यात वर लिहू. त्या कमेंटवर विसंबलेल्यांना आपला कोड तपासावा लागेल. आणि हे फंक्शन सुरक्षित करायचं काम तू घे. तू ते नीट वाचलं आहेस."

कंपायलर कमेंट वाचत नाही, पण माणसं वाचतात आणि तिच्या भरवशावर पुढचं काम उभं करतात. म्हणून तिथलं एक अक्षरही क्षुल्लक नसतं. काय लिहिलं आहे आणि त्यावर कोण विसंबून आहे, हे समजल्यावर केलेला बदलच दुरुस्ती ठरतो. लहान काम हाती आलं, तर ते आधी नीट वाचा.