मुंगी मेली नाही म्हणून

अपडेट झाल्यावर घरचा एखादा कॉम्प्युटर सुरू होईना, तर आपण दुरुस्तीवाल्याला बोलावतो. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एकदमच बंद पडले. निळा पडदा, पुन्हा सुरू, पुन्हा निळा पडदा. विमानं अडकली, इस्पितळांतली कामं खोळंबली, हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. क्राउडस्ट्राइक ही कॉम्प्युटरची राखण करणारी अमेरिकन कंपनी. तिने आपल्या घड्याळात सकाळी ९.३९ ला एक छोटीशी फाइल पाठवली आणि ७८ मिनिटांनी मागे घेतली. पण जे यंत्र सुरूच होत नाही, त्याला फाइल मागे घेतल्याचं कळणार कसं?

पुण्याला कॉम्प्युटरच्याच कामात असलेला माझा भाचा म्हणाला, "मावशी, कुणाचा हेतू वाईट होता का? राखणीसाठीच पाठवली ना फाइल? आपल्याकडे पण भावच बघतात की."

भाव बघतात, खरंच आहे. पण हे वाक्य आपण सोयीपुरतं अर्धंच वापरतो. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसा कशाला म्हणायचं ते सांगताना आधी प्रमाद धरला आहे. प्रमाद म्हणजे वैर नव्हे, बेसावधपणा. कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसारातही तोच विचार आहे. जपून, बघून चालणाऱ्या मुनींच्या पायाखाली चुकून जीव सापडला, तर तेवढ्यावरून त्यांना बंध नाही. न बघता चालणाऱ्याला मात्र एकही मुंगी मेली नाही तरी हिंसेचा दोष आहेच. यातला पहिला भाग सगळ्यांना आवडतो. दुसऱ्याकडे कुणी फिरकत नाही.

या प्रकरणात मला दुसरा भागच महत्त्वाचा वाटतो. कंपनीने नंतर सविस्तर कारणं दिली. नव्या प्रकारच्या फाइलीला २१ नोंदी लागत होत्या आणि कॉम्प्युटरमधला प्रोग्राम २० च पुरवत होता. याच प्रकारच्या फाइली त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये चार वेळा पाठवल्या होत्या, काही झालं नाही. कारण त्यांत एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' अशी खूण होती, म्हणून तिकडे कुणी बघायलाच जात नव्हतं. १९ जुलैला पहिल्यांदा ती एकविसावी नोंद खरोखर तपासायची वेळ आली, आणि प्रोग्राम नसलेल्या जागी हात घालायला गेला. तपासणी करणाऱ्या यंत्रणेतही दोष होता, तिने फाइल पास केली. आणि पाठवताना थोड्यांना आधी, बाकीच्यांना मग, असं न करता सगळ्यांना एकदम. का? तर मार्चमध्ये चाचणी झाली होती आणि मागच्या वेळी सगळं नीट गेलं होतं.

म्हणजे दोष जुलैचा नाही, मार्चचाच. मुंगी मेली नाही एवढंच.

आमच्या घरात पाणी गाळून घेतात. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं चालतं, मग पुन्हा गाळायचं. लहानपणी मला हा निव्वळ जाच वाटायचा. मघाशी गाळलंय की, आत्ता त्यात काय पडलंय? आजी म्हणायची, "मघाशीचं मघाशी." सूक्ष्म जीवांबद्दल शास्त्रज्ञांचं म्हणणं काहीही असो, मघाशीच्या गाळण्यावर आत्ताचं पाणी प्यायचं नाही, ही सवय मला त्या कंपनीच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा शहाणी वाटते.

भाचा ऐकणारा नाही. म्हणाला, "मग अपडेटच नको म्हणशील. २०१७ च्या मार्चमध्ये विंडोजची एक दुरुस्ती आली होती. ज्यांनी ती घातली नाही, त्यांच्यावर मे महिन्यात वॉनाक्रायचा हल्ला झाला. ब्रिटनमधली इस्पितळं बंद पडली." हे त्याचं बरोबर आहे. न चालणं हा न बघता चालण्यावरचा उपाय नाही. दार उघडं ठेवून झोपणं हाही प्रमादच. पण घाई करावी लागते म्हणून बघणं सुटतं, असं नाही. दवाखान्यात इंजेक्शन घाईनेच देतात, बाटलीवरचं नाव मात्र वाचतात.

आणि निस्तरलं कुणी? ज्यांनी फाइल पाठवली त्यांनी नव्हे. ऑफिसाऑफिसातली पोरं एकेका यंत्रापुढे बसली, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल हाताने पुसली. काही यंत्रं पंधरा-पंधरा वेळा बंद-चालू करावी लागली. कुलूप घातलेल्या यंत्रांना आधी ४८ आकड्यांची किल्ली लागायची, आणि ती किल्ली कधीकधी दुसऱ्या बंद यंत्रात. आपण म्हणतो, ज्याचं कर्म त्यालाच बांधतं. बांधत असेलही. भांडी मात्र दुसऱ्यानेच घासली.

आता त्या फाइली टप्प्याटप्प्याने जातात. लवकर घ्यायची की थांबून, हे ग्राहकालाही ठरवता येतं. चांगलं झालं. मी भाच्याला विचारलं, "इस्पितळाच्या बाबतीत ग्राहक म्हणजे कोण रे? कॉम्प्युटर सांभाळणारा, की खाटेवरचा पेशंट?"

तो जरा थांबला. म्हणाला, "कॉम्प्युटर सांभाळणारा, मावशी."