विसावा कोणाचा?

मे महिना लागला की आमच्या धर्मग्रामाचे रूप पालटते. संत तुकाराम नगरातील घरांना कुलपे दिसू लागतात. वल्लभनगरच्या एस.टी. स्थानकावर श्रीरामपूर, संगमनेर, जालना या वाटांवरच्या गाड्यांसाठी बोचकी आणि मुले घेऊन आयाबाया ताटकळत असतात. ज्यांना गावी जायचे नसते ते लोणावळ्याचे, पवना धरणाचे, नाहीतर आळंदीकडच्या एखाद्या मळ्याचे बेत आखतात. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, त्यानंतर तर आमच्या बालवर्गातील मुलांना नगराच्या स्थानकावरून नुसते फुगेवाडीला जाऊन परत येणे हीसुद्धा सहलच वाटू लागली. रविवारच्या मिस्सेत बाके रिकामी आणि ध्वनिक्षेपकावर मात्र लग्नांच्या घोषणा भरपूर, असा हा महिना.

अशाच एका रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात दोन माणसे आमच्याशी बोलत उभी होती. एक होते निवृत्त कामगार. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली पिंपरीस उभा राहिला, आणि पुढे त्याच्याच आधाराने ज्या ख्रिस्ती कुटुंबांचा येथे जम बसला, त्यांपैकी ते एक. ते म्हणाले, “फादर, सहली वाढल्या आणि जपमाळ कमी झाली. आमच्या वेळी असली चैन नव्हती.” दुसरा तरुण होता, भोसरीच्या एका कारखान्यात यंत्रावर उभा राहणारा. तो हसून म्हणाला, “काका, आठवडाभर आठ-आठ तास उभे राहून पाय सुजतात. एक दिवस पाण्यात पाय सोडून बसलो तर देव रागावेल काय?”

आम्ही दोघांनाही चहा पाजला आणि उत्तर टाळले. परंतु तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. आनंद लुटणे, हसणे-खेळणे, मित्रांसह मौज करणे हे श्रद्धावंताला शोभते काय? आणि शोभत असेल तर त्याला काही मर्यादा, काही अट आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या थोर ग्रंथात खेळ आणि विनोद यांचा विचार एक स्वतंत्र प्रश्न म्हणून केला. तेथे ते संत योहानाची एक जुनी कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांसह खेळत असलेला पाहून काही जणांना ते खटकले. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले; त्याने बरेच बाण सोडल्यावर विचारले, की हे तुला असेच अखंड करता येईल काय? तो म्हणाला, की मग धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्यास समजावले. अक्वायनस एवढ्यावर थांबत नाहीत. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यातही विरजण घालतो, तो इतरांना भार होतो, आणि हाही एक दोषच आहे, असे ते म्हणतात. आमच्या निवृत्त स्नेह्यांनी हे वाक्य मनावर घेऊ नये. परंतु आम्हा धर्मगुरूंनी अवश्य घ्यावे!

ज्यांच्या नावाने आमचे हे नगर ओळखले जाते, त्या तुकोबांनाही देहू सोडून भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर या डोंगरांची ओढ होती. भामचंद्राचा डोंगर तर आज चाकणच्या कारखान्यांचा शेजारी झाला आहे. तुकोबांचे ते जाणे ही मौज नव्हती, हे आम्ही जाणतो. परंतु रोजच्या उंबरठ्यापासून माणसाने कधीतरी दूर जावे, त्यावाचून त्याला स्वतःची भेट होत नाही, ही जाण त्यामागे होतीच. म्हणून पहिल्या प्रश्नावर आम्ही तरुणाच्या बाजूचे आहोत.

खरी अडचण दुसऱ्या प्रश्नापाशी आहे. आम्ही सेमिनरीत असताना शब्बाथाची आज्ञा पाठ केली होती. तिचा अर्थ मात्र आम्हाला पिंपरीत उमगला. बायबलमध्ये ही आज्ञा दोनदा येते. निर्गम या पुस्तकात तिचे कारण सृष्टीची निर्मिती हे आहे: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तूही घे. अनुवाद या पुस्तकात मात्र कारण बदलते: तू मिसर देशात गुलाम होतास, हे विसरू नकोस. आणि म्हणून विसावा कोणाकोणाला द्यायचा त्याची यादीच तेथे दिली आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका. म्हणजे देवाची आज्ञा ‘तू विश्रांती घे’ एवढीच नाही. तुझ्या विश्रांतीसाठी दुसरा कोणी राबत असेल तर ती विश्रांती अपुरी आहे, असे ती सांगते. ज्याने गुलामी भोगली त्याला हे अधिक कळावे, अशी देवाची अपेक्षा आहे.

आपल्या महाराष्ट्राला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती, तेव्हा ‘दीनबंधु’चे संपादक आणि महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये त्यांनी भरविलेल्या प्रचंड सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्यानंतर वर्षही पुरे होण्याआधी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावरील आपले प्रसिद्ध परिपत्रक काढून त्यात विश्रांती हा कामगाराचा हक्क असल्याचे बजावले. मुंबईतील सत्यशोधक आणि रोममधील परमगुरू यांना एकमेकांचा पत्ता नव्हता; परंतु दोघांनी एकच सत्य सांगितले. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपमहाशयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेही याच परिपत्रकाची आठवण ठेवून. आणि आमच्या पट्ट्यात? येथे कित्येक कारखान्यांना रविवारी नव्हे तर गुरुवारी सुटी असते आणि कंत्राटी कामगाराला तर कोणताही वार हक्काचा नसतो. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार अजून आमच्या सर्व घरांपर्यंत पोहोचलेला नाही.

आता आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या माउलीची ही गोष्ट आहे तिला विचारूनच ती लिहीत आहोत.

आम्ही या धर्मग्रामात नवीन होतो. उन्हाळी सहल ठरली. पवना धरणाच्या बाजूचा एक मळा, दोन बसगाड्या, दुपारचे जेवण. वर्गणी माणशी साडेतीनशे रुपये. ही रक्कम आम्ही वेदीजवळून, मिस्सेच्या शेवटी, मोठ्या उत्साहाने जाहीर केली. चाकणला कंत्राटी काम करणाऱ्या एका गृहस्थाच्या घरून निरोप आला, की त्या दिवशी गावाकडे लग्न आहे, आम्हाला जमणार नाही. आम्ही त्यावर विचारही केला नाही. सहल छान झाली. रात्री आठच्या सुमारास बस चर्चपाशी थांबली, तेव्हा फाटकाजवळ त्यांचा मधला मुलगा उभा होता. तो आमच्या गायकवृंदात गात असे. त्याने आम्हाला विचारले, “फादर, तिकडं झोका होता का?”

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलाच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि खाली पाहत म्हणाली, “फादर, लगीन-बिगीन काय नव्हतं. आम्ही सासूबाई धरून सहा माणसं. एकवीसशे रुपये होतात. लेकरांपुढं पैसे नाहीत म्हणण्यापेक्षा लग्नाचं सांगितलेलं बरं.”

प्रिय वाचकहो, त्या बाईने खोटे सांगितले हे खरे. पण त्या खोट्याचा पापनिवेदनात उच्चार कोणी करायचा, तिने की आम्ही? पैशाचा आकडा वेदीजवळून उच्चारताना आम्ही त्या घराला दोनच वाटा ठेवल्या होत्या: लाज किंवा लबाडी. तिने मुलांची मान खाली जाऊ नये म्हणून लबाडी पत्करली.

त्या रात्री आम्ही मार्काच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पुन्हा वाचला. शिष्य दमले होते. त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. प्रभू येशू त्यांना एकान्त ठिकाणी विसावा घ्यायला नेतो. ती शिष्यांची सहलच होती म्हणा ना! परंतु लोक त्यांच्या आधीच तेथे पोहोचले. बेत मोडला. सायंकाळी शिष्य सुचवितात, की या लोकांना पाठवून द्या, म्हणजे ते आपापले विकत घेऊन खातील. प्रभू म्हणतो, तुम्हीच त्यांना जेवायला द्या. त्यावर शिष्यांनी काय केले? त्यांनी हिशेब मांडला. दोनशे दिनार लागतील! साडेतीनशे गुणिले सहा, असा आमचाही हिशेब होता. प्रभूने हिशेब मांडला नाही. असलेल्या भाकरी मागितल्या आणि सर्वांना हिरव्या गवतावर बसविले. त्या वनभोजनात कोणी वर्गणी विचारली नाही, आणि कोणाला गावी लग्न असल्याचे सांगावे लागले नाही.

याच सहलीचे एक छायाचित्र आमच्या कार्यालयात आहे. त्यात पुरुष आणि मुले पाण्यात आहेत. मागे, झाडाखाली, सहा-सात स्त्रिया चुलीभोवती वाकल्या आहेत. पहाटे तीनला उठून घरी पोळ्या लाटल्या त्यांनीच, दुपारी वाढले त्यांनीच, भांडी घासली त्यांनीच. शब्बाथाच्या यादीत पत्नीचे नाव नाही. भाष्यकार म्हणतात, की ‘तू’ या शब्दातच पती आणि पत्नी दोघेही आले, म्हणून वेगळा उल्लेख नाही. आमच्या छायाचित्रातील ‘तू’मध्ये मात्र ती आलेली दिसत नाही. मग ती सहल कोणाची होती?

येथे कोणी म्हणेल, की फादर, असे पाहू गेल्यास कोणी घराबाहेर पडूच नये. आपण सहलीला जातो तेव्हा बसचा चालक राबतोच; आमच्या नगरातील यशवंतराव चव्हाण रुग्णालयात परिचारिका मे महिन्यातही जागतातच. हा आक्षेप योग्य आहे. बैल शब्बाथ दिवशी विहिरीत पडला तर त्याला वर काढावेच लागते, असे प्रभूनेही म्हटले आहे. सर्वांना एकाच दिवशी विसावा मिळणे शक्य नाही. परंतु आमच्या कामगार बंधूंना एक शब्द चांगला ठाऊक आहे: पाळी. पहिली, दुसरी, रात्रीची. कामाची जशी पाळी असते तशी विसाव्याचीही असावी. आज चालकाने माझ्यासाठी राबावे, उद्या मी त्याच्यासाठी. अन्याय एखाद्याने आज राबण्यात नाही. एकाच माणसावर नेहमी राबण्याची पाळी यावी, यात आहे.

आणखी एक अट आहे, ती आपण अश्रूंनी शिकलो. १५ जून २०२५ चा रविवार आम्ही विसरू शकत नाही. पवित्र त्रैक्याचा सण होता. सायंकाळी बातमी आली, की आपल्या इंद्रायणीवर, कुंडमळा येथे, जुना लोखंडी पादचारी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चार जण दगावले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ही माणसे दोषी होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन पाणी पाहायला जाणे हा दोष नव्हे, आणि धोकादायक पूल वेळीच बंद करणे किंवा नवा बांधणे हे ज्यांचे काम आहे त्यांची जबाबदारी त्यामुळे हलकी होत नाही. परंतु आनंदात आपण एकमेकांचे राखणदार आहोत, हे यातून घ्यायचे. मित्राने दारूच्या भरात पाण्यात उडी मारायची म्हटली तर त्याचा हात धरणे हेही प्रेम आहे, आणि त्या क्षणी ‘रंगाचा बेरंग’ करणारा ठरणे हे धाडस आहे. भाकरींच्या चमत्कारानंतर उरलेले तुकडेही टोपल्यांत गोळा करायला प्रभूने सांगितले होते. पत्रावळी, बाटल्या आणि कोंबडीची हाडे नदीकाठी टाकून येणाऱ्या आम्हा ख्रिस्ती मंडळींनी तो शेवटचा भाग नीट वाचावा.

पुढच्या वर्षी आम्ही थोडे बदल केले. रक्कम जाहीर केली नाही. प्रत्येक घराला एक बंद पाकीट दिले, ज्याला जेवढे जमेल तेवढे त्यात घालावे, नाव लिहू नये. कमी पडेल अशी आमच्या वित्तसमितीला भीती होती. शेवटी थोडी रक्कम उरली. स्वयंपाक पुरुषांनी केला. भात करपला, रस्सा तिखट झाला आणि स्त्रिया झाडाखाली बसून मनसोक्त हसल्या. ते हसणे अक्वायनसांना नक्कीच आवडले असते. आमचे निवृत्त स्नेहीही आले होते. बसमध्ये त्यांनीच जपमाळ सांगितली आणि त्या तरुणाने गाणी.

ते कुटुंबही आले. मधल्या मुलाने झोका सोडला नाही. त्याचे वडील मात्र येऊ शकले नाहीत. त्यांना सुटी मिळाली नव्हती. चाकणहून रात्रपाळी करून ते सकाळी सहाला थेट बसपाशी आले. मुलांना खिडकीजवळ बसविले, आईला हात देऊन वर चढविले, आणि झोपण्यासाठी घरी परतले. त्यांच्यासाठी धरलेली जागा दिवसभर रिकामी राहिली. आम्ही ती कोणाला दिली नाही. बंद पाकिटाने त्या घराची लाज झाकली, पण त्या बापाला एक दिवसाचा विसावा आम्ही देऊ शकलो नाही. ते काम पाकिटाचे नव्हे, न्यायाचे आहे. येत्या मे महिन्यात आपण सहलीला निघाल, तेव्हा बसमधल्या रिकाम्या जागा मोजून पाहा, आणि त्या कोणाच्या आहेत हे एकमेकांना विचारा.